इशारा कोणाचा, हे आधी पाहा: घरच्या संगणकाची मालवेअरसाठी सुरक्षित तपासणी

आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षिकांनी एका दुपारी मला घाईने बोलावून घेतले. त्यांच्या लॅपटॉपचा पडदा लालभडक झाला होता, स्पीकरमधून भोंगा वाजत होता, एका बाईचा यांत्रिक आवाज "संगणक बंद करू नका" असे इंग्रजीतून पुन्हा पुन्हा बजावत होता, आणि मधोमध मायक्रोसॉफ्टचे बोधचिन्ह व त्याखाली एक फोन नंबर होता. बाईंच्या हातातील मोबाइलवर त्या नंबराचे सात आकडे दाबून झालेले होते. मी एस्केपची कळ तीन-चार सेकंद दाबून धरली, तसा तो लाल पडदा आक्रसून ब्राउझरमधील एका साध्या पानाएवढा झाला आणि वरच्या पट्टीत त्या पानाचा अगम्य अक्षरांचा पत्ता दिसू लागला. ते पान बंद केल्याबरोबर भोंगा थांबला. बाईंनी विचारले, "म्हणजे आत काहीच नव्हतं?"

या प्रश्नाला "नव्हतं" असे उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. खोटा इशारा दिसला म्हणून संगणक निर्धोक आहे असे ठरत नाही, आणि खरा इशारा आला म्हणून तो हातचा गेला असेही ठरत नाही. समोरचा इशारा कोणी दिला हे ओळखणे हे एक काम आहे आणि त्यानंतर यंत्रात मालवेअर, म्हणजे व्हायरससारखा घातक प्रोग्राम, शिरला आहे का हे शांतपणे तपासणे हे दुसरे. दोन्हींना नियम मात्र एकच लागू पडतो: इशाऱ्याने दाखवलेल्या वाटेने जायचे नाही. त्यातील बटण, दुवा किंवा फोन नंबर यांपैकी कशालाही हात न लावता तो बाजूला सारायचा, स्टार्ट मेनूतून आपण स्वतः सुरक्षेचा प्रोग्राम उघडायचा आणि तेथे काय नोंदले आहे ते वाचायचे. पुढील सूचना विंडोज १० आणि विंडोज ११ वापरणाऱ्या घरांसाठी आहेत.

इशारा देणारा कोण?

सर्वाधिक घबराट उडवणारा प्रकार बाईंच्या पडद्यावर होता तोच. संकेतस्थळाचे पान ब्राउझरच्या कुंपणात राहते. तुमच्या हार्ड डिस्कवरील फायली चाळून त्यांतील व्हायरस मोजणे त्याला शक्यच नसते. त्यामुळे "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले" असे सांगणारे पान खोटेच समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीही दिलेला नसतो, ही एकच खूण लक्षात ठेवली तरी बहुतेक फसवणुका तेथेच संपतात. एस्केप दाबून धरूनही पान हटले नाही, तर ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबाव्यात. तेही चालले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतील ब्राउझरचे नाव निवडावे आणि "एंड टास्क" दाबावे. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो मागची पाने परत आणू का असे विचारतो, तेव्हा नकार द्यावा, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येते.

दुसरा प्रकार पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतो. तेथे दर काही मिनिटांनी एक छोटी चौकट सरकत वर येते, "संरक्षण संपले", "धोका आढळला" असे म्हणते आणि हुबेहूब विंडोजच्या सूचनेसारखी दिसते. ती बारकाईने वाचली, तर तिच्यावर ब्राउझरचे आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव बारीक अक्षरांत सापडते. कधीतरी एखाद्या पानाने "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" असे सांगितलेले असते, ते दाबले गेलेले असते, आणि त्याबरोबर त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळालेली असते. हा व्हायरस नाही, त्यामुळे कितीही वेळा स्कॅन केले तरी हा त्रास थांबत नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, तेथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, पुढे साइट सेटिंग्ज आणि मग नोटिफिकेशन्स असे जावे, म्हणजे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. एजमध्येही संकेतस्थळांच्या परवानग्यांमध्ये अशीच यादी असते. बाईंच्या यादीत अकरा नावे निघाली, त्यांपैकी दोनच त्यांच्या ओळखीची होती. उरलेली नऊ काढून टाकली आणि त्या कोपऱ्यातील चौकटी त्याच दिवशी थांबल्या.

नव्या लॅपटॉपबरोबर येणाऱ्या अँटीव्हायरसची मोफत मुदत संपल्यावर तोही "तुमचे यंत्र असुरक्षित आहे" अशा सूचना देऊ लागतो. ही सूचना देणारा खरा असतो, पण ती विक्रीची सूचना असते. तो प्रोग्राम नको असेल तर काढून टाकावा; त्यानंतर विंडोजमधील डिफेंडर हा अंगभूत अँटीव्हायरस आपोआप पुढे येऊन राखण करू लागतो, आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे असे माझे मत आहे. नूतनीकरणाची हजारो रुपयांची पावती ई-मेलने आली आणि "रद्द करण्यासाठी या नंबरवर फोन करा" असे तीत लिहिलेले असले, तर मात्र ती सरळसरळ फसवणूक आहे.

विंडोज स्वतः जे इशारे देते तेही अनेकांना गोंधळात टाकतात. एखादी उतरवलेली फाइल उघडताना निळी चौकट येऊन "विंडोजने तुमच्या पीसीचे संरक्षण केले" असे इंग्रजीत लिहिलेले दिसते, ती स्मार्टस्क्रीनची सूचना असते. तिचा अर्थ हा प्रोग्राम फारसा ओळखीचा नाही एवढाच असतो. तो घातक ठरला आहे असे तीत म्हटलेले नसते. फाइल कोठून आणली हे पक्के ठाऊक नसेल, तर "मोअर इन्फो" मागे दडलेले "रन एनीवे" दाबू नये. पडदा अंधारून "या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?" असा प्रश्न येतो तेव्हा एकच पाहायचे: आपण आत्ता काही बसवायला घेतले होते का? घेतले नसेल, तर उत्तर "नो". प्रकाशकाच्या जागी "अननोन" असेल, तर आणखी सावध राहावे.

एका घरातील जुन्या डेस्कटॉपची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कोणतेही संकेतस्थळ उघडले की "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" असे येई, बँकेचेही आणि रेल्वे आरक्षणाचेही. घरच्यांची खात्री झाली होती की व्हायरसने सगळा संगणक पोखरला आहे, आणि नवा घेण्यासाठी चौकशीही सुरू झाली होती. उजव्या कोपऱ्यातील घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली की वीज बंद केल्यावर संगणक तारीख विसरतो. मग त्याला प्रत्येक संकेतस्थळाचे ओळख पटवणारे, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र "अजून सुरूच न झालेले" वाटते आणि ब्राउझर अडून बसतो. नवी बॅटरी घातली, तारीख दुरुस्त केली आणि सगळी संकेतस्थळे उघडू लागली. हा इशारा सगळीकडेच येत असेल तर आधी घड्याळ पाहावे. एकाच संकेतस्थळावर येत असेल तर तेथे पासवर्ड टाकू नये. लाल पार्श्वभूमीवर "फसवे संकेतस्थळ" असा ब्राउझरचा इशारा असेल तर परत फिरावे, मग तो दुवा कोणत्याही नातेवाइकाने पाठवलेला असो.

भारतात मोबाइलवर "सायबर स्वच्छता केंद्र" या नावाने संदेश येतात आणि लोक त्यांनाही फसवे समजतात. हे केंद्र खरे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ते २०१७ साली सुरू केले आणि त्याच्या संकेतस्थळावर मालवेअर काढण्याची साधने मोफत मिळतात. तरीही त्या नावाचा संदेश कोणीही पाठवू शकतो, म्हणून संदेशातील दुव्यावर न जाता सीएसके डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टंकून जावे.

फोनवरून "तुमच्या संगणकातून व्हायरस पसरत आहे" असे सांगणारा माणूस पुरावा म्हणून बहुधा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावतो आणि तेथील लाल-पिवळ्या खुणा मोजून दाखवतो. अशा खुणा प्रत्येक विंडोज संगणकात शेकड्याने असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी नोंद पडते. कधी तो काळ्या चौकटीत एक आज्ञा टंकायला सांगतो आणि ८८८डीसीए६० अशी सुरुवात असलेला लांबलचक क्रमांक "हा तुमच्याच यंत्राचा गुप्त क्रमांक" म्हणून वाचून दाखवतो. माणसांचा विश्वास नेमका येथेच बसतो, म्हणून हे ठासून सांगतो की तो क्रमांक जगातील सर्व विंडोज संगणकांवर सारखाच असतो.

प्रत्यक्ष तपासणी

माउसचा बाण आपोआप हलत असेल, फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील किंवा कोणी दुरून संगणक चालवत असल्याचा संशय असेल, तर प्रथम वायफाय बंद करावे किंवा केबल काढावी आणि पुढचे सगळे नंतर पाहावे. असे काही नसेल तर इंटरनेट चालू ठेवावे, कारण डिफेंडरला ताज्या व्याख्या, म्हणजे मालवेअर ओळखण्याच्या खुणांची यादी, उतरवून घ्यायच्या असतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. "फ्री व्हायरस रिमूव्हर" असे शोधून पहिल्या जाहिरातीतून काही उतरवणे तर अजिबात करू नये. मालवेअर घरात येण्याची ती एक जुनी वाट आहे.

स्टार्ट दाबून "विंडोज सिक्युरिटी" असे टंकावे, ते उघडावे आणि "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" येथे जावे. आधी "प्रोटेक्शन अपडेट्स" मधून व्याख्या ताज्या करून घ्याव्यात. नंतर "मॅनेज सेटिंग्ज" मध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन (सततची राखण) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (ही राखण दुसऱ्या प्रोग्रामला बंद करू न देणे) ही दोन्ही चालू आहेत ना ते पाहावे. त्याच पानाच्या तळाशी "एक्सक्लूजन्स" असा भाग आहे, आणि तेथे जवळजवळ कोणीच पाहत नाही. डिफेंडरने ज्या जागांकडे बघायचे नाही त्यांची ती यादी असते. काही मालवेअर आत शिरल्यावर आधी स्वतःचा फोल्डर, कधी तर सबंध सी ड्राइव्ह, या यादीत घालून घेतात आणि मग स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. तुम्ही स्वतः काही घातले नसेल तर ही यादी रिकामी असायला हवी. नसेल तर तिच्यातील नोंदी लिहून घ्याव्यात, काढून टाकाव्यात आणि मगच स्कॅन सुरू करावा.

"स्कॅन ऑप्शन्स" मध्ये क्विक स्कॅन काही मिनिटांत होतो आणि मालवेअर नेहमी बसते त्या जागा पाहतो. फुल स्कॅन सगळी डिस्क पाहतो आणि जुन्या यंत्रावर त्याला काही तासही लागतात, म्हणून तो रात्री लावावा, चार्जर जोडून ठेवावा आणि संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी. यानंतरही शंका राहिली किंवा एकच धोका काढूनही पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर ऑफलाइन स्कॅन निवडावा. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्यापूर्वीच साधारण १५ मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे विंडोजबरोबर जागे होऊन लपणाऱ्या मालवेअरला लपायला अवसर मिळत नाही. उघडी कामे आधी जतन करावीत. घरात दुसरा अँटीव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर मागे सरतो. तेव्हा त्याच अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन करावा, कारण कायम राखण करणारे दोन प्रोग्राम एकदम ठेवले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

दुसरे मत घ्यायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून सेफ्टी स्कॅनर उतरवावा. तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून पूर्वी कधीतरी आणून ठेवलेली प्रत वापरू नये.

यंत्राची तपासणी झाली की डोळ्यांनी तपासणी करावी, आणि मला ती स्कॅनइतकीच मोलाची वाटते. सेटिंग्जमधील बसवलेल्या अ‍ॅपची यादी तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आले ते पाहावे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही दुरून संगणक चालवण्याची साधने स्वतः मालवेअर नाहीत, म्हणून स्कॅनर त्यांच्याबद्दल बहुधा गप्प राहतो. पण घरातल्या कोणी ती बसवल्याचे आठवत नसेल, तर कोणी तरी दुरून यंत्रात येऊन गेले आहे असे समजावे. ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, एकेक करून पाहावीत. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप यादीत अनोळखी नाव दिसले, तर त्यावर उजवी कळ दाबून फाइल कोठे आहे ते उघडून पाहावे. टास्क मॅनेजरमधील चालू प्रक्रियांच्या यादीत एसव्हीसीहोस्ट नावाच्या डझनावारी प्रक्रिया चालू दिसतात, त्यांना घाबरू नये. विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरातून चाललेल्या त्या प्रक्रिया विंडोजच्या आपल्याच आहेत. नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाहतूक मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवणारी सोय, चालू असेल आणि तो कोणी लावला हे घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर बंद करावा.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हची तपासणी वेगळी करावी लागते. आत सगळ्या फोल्डरांऐवजी बाण असलेले शॉर्टकट दिसत असतील, तर त्यांवर डबल क्लिक करू नये, कारण त्या क्लिकनेच मालवेअर चालू होते. फायली बहुधा गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. ड्राइव्हवर उजवी कळ दाबून डिफेंडरने स्कॅन करावा, मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगून आपले कागद बाहेर काढून घ्यावेत. त्याच मेनूत फायलींच्या नावांचे शेपूट दाखवण्याचा पर्याय आहे, तो कायमचा चालू ठेवावा, म्हणजे "बिल.पीडीएफ" म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी दडलेले "ईएक्सई" दिसते.

एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती अनेक स्कॅनरांकडून एकदम तपासून मिळते. मात्र तेथे दिलेली फाइल इतर सुरक्षा-कंपन्यांनाही पाहता येते, म्हणून आधार, पॅन किंवा बँकेची कागदपत्रे तेथे टाकू नयेत.

काही सापडले तर

"प्रोटेक्शन हिस्टरी" उघडून तीन गोष्टी वाचाव्यात: धोक्याचे नाव, फाइलची जागा आणि केलेली कारवाई. नावाची सुरुवात "पीयूए" अशी असेल, तर तो नको असलेला, जाहिराती लादणारा प्रोग्राम असतो. काढून टाकला की बहुधा प्रश्न मिटतो. "हॅकटूल" असेल, तर घरात कोणी तरी विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करण्याचे साधन आणले आहे. अशी साधने बसवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि दार उघडे असताना आणखी काय आत आले हे मग कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हा शोध मी कधीच किरकोळ मानत नाही. "ट्रोजन" असेल आणि फाइल फक्त डाउनलोड्समध्ये पडून असेल, तर ती बहुधा चालवण्याआधीच पकडली गेली आहे. तीच फाइल अ‍ॅपडेटा (प्रोग्राम आपल्या फायली ठेवतात तो लपलेला फोल्डर) किंवा स्टार्टअप फोल्डरात सापडली, तर ती चालून गेली असे धरून पुढे जावे. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि "एमएल" ही अक्षरे असतील, तर तो निर्णय यंत्रशिक्षणाच्या अंदाजावर झालेला असतो आणि तो क्वचित चुकतोही. तरीही फाइल क्वारंटाइनमध्येच, म्हणजे डिफेंडरने तिला कोंडून ठेवलेल्या जागीच, राहू द्यावी आणि हवा असलेला प्रोग्राम मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने आणावा.

एका प्रकाराबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण त्यात वापरणाराच आपल्या हाताने मालवेअर चालवतो. एखादे पान "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणते आणि विंडोज व आर या कळा दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर असे सांगते. पानाने एक घातक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि या तीन पायऱ्यांनी ती चालते. कोणतीही खरी पडताळणी असे करायला सांगत नाही. या वाटेने पासवर्ड आणि ब्राउझरमधील लॉगिनच्या खुणा चोरणारे मालवेअर येते. अशाच लुमा नावाच्या मालवेअरने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. घरात कोणी या पायऱ्या केल्या असतील, तर स्कॅन कोरा आला तरी पासवर्ड गेले असेच समजावे. ते दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून किंवा मोबाइलवरून बदलावेत: प्रथम ई-मेल, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक खात्यात "सर्व उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्यायही वापरावा, कारण चोरलेली लॉगिनची खूण पासवर्ड बदलल्यावरही कधी कधी चालत राहते.

कोणाला दुरून संगणकात येऊ दिले असेल किंवा पैसे गेले असतील, तर स्कॅनमध्ये वेळ घालवू नये. इंटरनेट तोडावे, फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथेही तक्रार करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात, म्हणून येथे मिनिटांना किंमत असते. फसवणाऱ्याचा नंबर, व्यवहाराचा क्रमांक आणि पडद्याचे फोटो जपून ठेवावेत. आईवडिलांच्या बाबतीत असे घडले असेल, तर त्यांना त्या क्षणी बोल लावू नयेत. लाजेपोटी लपवलेला एक तास फार महागात पडतो.

अशा यंत्रावर, किंवा ऑफलाइन स्कॅननंतरही धोका परत येत असेल अशा यंत्रावर, मी विंडोज नव्याने बसवतो. फोटो, कागदपत्रे, हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. प्रोग्राम आणि सेटअपच्या फायली घेऊ नयेत. सेटिंग्जमधील रिकव्हरीतून "रिसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि मग "क्लाउड डाउनलोड" निवडावे, किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून विंडोज बसवावे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत. डिफेंडरच्या व्याख्या येत राहिल्या तरी विंडोजमधील भगदाडे त्यांनी बुजत नाहीत, म्हणून यंत्र विंडोज ११ पेलत असेल तर याच वेळी तेच बसवून घ्यावे. नंतर डिस्क जोडून तिचा स्कॅन करावा आणि तो संपेपर्यंत तिच्यावरील एकही फाइल उघडू नये.